गिळलेला तास

थर्मामीटर म्हणतो एकोणचाळीस.
दादा म्हणतात, एकोणचाळीस हा काय ताप झाला,
एकशे दोन म्हण, म्हणजे अंगाला समजेल.

अचलपूरच्या दवाखान्यात चाळीस वर्षं कंपाउंडर.
गुलाबी मिक्श्चरच्या बाटलीला
कागदाची पट्टी कातरून चिकटवायचे,
एक खाच म्हणजे एक मात्रा.
खाच ओलांडणाऱ्याला खिडकीतूनच दम.
आता तेच पांघरुणातून हात काढतात:
दे अजून दोन. साधी पॅरासिटामॉल ती,
फुटाण्यासारखी मिळते.

मिळते, पण मोजून.
सकाळी इथे किल्मारनॉकच्या औषधाच्या दुकानात
सोळा-सोळाची दोनच पाकिटं ठेवली काउंटरवर
एली नावाच्या मुलीने.
वजन किती, वय किती, लिव्हरचा त्रास, दारू,
आणखी काही घेतात का, सर्दीचं, अंगदुखीचं?
मी म्हटलं, नाही.
मागे रांग असली की नाहीच म्हणतो आपण.
आणि दोनच का, म्हणून विचारलं,
तर पावती फाडता फाडता ती म्हणाली,
काही घरांत रात्री फार लांब असतात.

रात्री साडेअकराला दोन दिल्या.
गॅसच्या बिलाच्या पाकिटावर वेळ लिहिली.
मग अंधारात फोन उजळला: साडेतीन.
चार तास झाले.
दोन गोळ्या बशीत काढल्या, पाणी आणायला गेले,
तर ओव्हनवर अडीच.

मार्चचा शेवटचा रविवार.
एक वाजायच्या ठोक्याला या देशात दोन वाजले,
फोनने मुकाट्याने ऐकलं,
ओव्हन जुना, त्याला कोण सांगणार.
घड्याळाने एक तास गिळला.
यकृताने नाही गिळला.
ते बिचारं कुठल्याच सरकारची वेळ पाळत नाही,
आपलं एकेक गोळी निस्तरत बसतं.

दादा, अजून तासभर थांबा.
चिडले. भिंतीकडे वळले.
मग बऱ्याच वेळाने, भिंतीलाच सांगावं तसे म्हणाले,
लिही.
दुपारी एकला, बॅगेतली आपल्याकडची, साडेसहाशे.
संध्याकाळी सातला, तू अंघोळीला गेलीस तेव्हा,
ती लिंबाची पुडी, गरम पाण्यातून.
सरबतच की ते.

कचऱ्याच्या डब्यातून पुडी काढली, दिव्याखाली धरली.
मुंगीएवढ्या अक्षरांत तेच नाव. हजार.
रंग वेगळा, वास वेगळा, देश वेगळा,
आत तीच बाई दुसरं लुगडं नेसून.

साडेसहाशे, हजार, हजार.
पाकिटावर बेरीज मांडली, चष्मा लावून त्यांनी तपासली:
दोन हजार सहाशे पन्नास.
दिवसाची वेस चार हजारांवर.
आहे अजून आत, म्हणाले, पण हसले नाहीत.
वेस ओलांडली ना, तर एक-दोन दिवस काहीच कळत नाही.
माणूस चालतो, बोलतो, भाजी आणतो.
दुखायची वाट बघायची नसते त्यात,
बरं वाटत असलं तरी तडक हॉस्पिटल गाठायचं.
हे अगदी त्या खिडकीतल्या आवाजात.
आणि मग, हळू: मला मेल्याला माहीत होतं की सगळं.

माझी नखांची कात्री मागितली.
बिलाच्या पाकिटाची कड कापली, खाचा पाडल्या चार,
हात कापत होते, खाचा नाही.
तीन दुमडल्या.
पट्टी गोळ्यांच्या खोक्याला चिकटवली
माझ्या मुलीच्या वहीतल्या घोड्याच्या स्टिकरने.

घोट घोट पाणी. अर्धा टोस्ट.
परसात कुणाचा तरी कोल्हा ओरडला,
त्यांनी विचारलं, कुत्रं का गं?
मी हो म्हटलं.

ओव्हनवर साडेतीन झाले तेव्हा
दादांच्या कपाळावर घाम होता आणि तोंड उघडं.
उठवलं नाही.
बशीतल्या दोन गोळ्या सकाळपर्यंत बशीतच,
चौथी खाच सरळ.

ओव्हनचं घड्याळ लावायचं राहिलंय.